स्टोमालगतचा हर्निया: जोखीम कशाची, बोल कुणाला

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, विषमज्वराने अथवा क्षयाने आतड्याला पडलेले छिद्र, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्याला बसलेला पीळ, अपघातातील जखम अशा नाना कारणांनी आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवावे लागते. या नव्या मुखाला स्टोमा म्हणतात, आणि ते मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टॉमी अशी त्याची दोन मुख्य नावे आहेत. मल गोळा करण्यासाठी त्यावर चिकट प्लेट आणि पिशवी लावली जाते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, या मुखाच्या बाजूला फुगवटा दिसू लागतो, जो उभे राहिल्यावर वाढतो, खोकल्याबरोबर पुढे येतो आणि आडवे झाले की बहुधा बसतो. पोटाच्या भिंतीतील ज्या छिद्रातून आतडे बाहेर आणलेले असते, त्याच छिद्राच्या कडेने पोटातील चरबी किंवा आतड्याचे एखादे वेटोळे त्वचेखाली सरकलेले असते. हाच स्टोमालगतचा हर्निया, म्हणजे जुन्या मराठी वैद्यकीय परिभाषेतला अंतर्गळ.

तो विरळा मुळीच नाही. युरोपियन हर्निया सोसायटीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत कायमच्या कोलोस्टॉमीनंतर पहिल्या १२ महिन्यांत ३० टक्क्यांहून अधिक, दोन वर्षांत सुमारे ४० टक्के आणि त्यापुढील काळात ५० टक्के किंवा त्याहूनही अधिक रुग्णांना तो होतो असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे कायमची कोलोस्टॉमी असलेली व्यक्ती दीर्घायुषी झाली, तर हर्निया होणे आणि न होणे या दोन्ही शक्यता तिच्यासाठी जवळपास सारख्याच ठरतात. असे असूनही स्टोमा-विभागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या परिचारिकांना आणि समुपदेशकांना फुगवटा घेऊन आलेल्या रुग्णाकडून जो प्रश्न सर्वांत आधी ऐकावा लागतो, तो उपचाराविषयीचा नसतो. ‘माझं काय चुकलं?’ असा तो प्रश्न असतो, आणि पुष्कळदा रुग्णाआधी सोबत आलेले नातेवाईकच त्याचे उत्तर देऊन टाकतात: बादली उचलली, नातवाला कडेवर घेतले, सांगूनही ऐकले नाही. जोखमीच्या घटकांचा अभ्यास या उत्तराशी ताडून पाहिला, तर दोहोंत मोठे अंतर आढळते, आणि ते अंतर कमी करणे हा या कामाचा महत्त्वाचा भाग आहे, कारण चुकीच्या उत्तरातून चुकीचा सल्ला निघतो आणि चुकीच्या सल्ल्याने कधी कधी जोखीम वाढते.

जोखमीचा पहिला घटक म्हणजे स्वतः ते छिद्र, आणि ते रुग्णाने पाडलेले नसते. पोटाच्या भिंतीचे बळ मुख्यतः स्नायूंवरच्या जाड तंतुमय पडद्यात, म्हणजे फॅसियामध्ये, असते. आतडे बाहेर आणण्यासाठी त्याला भोक पाडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि नेहमीच्या जखमेसारखे हे भोक टाके घालून पूर्ण बंदही करता येत नाही, कारण त्यातून आतडे जिवंत ठेवायचे असते. भोक फार अरुंद ठेवले तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो किंवा मार्ग अडतो, रुंद ठेवले तर शेजारून इतर अवयवांना वाट मिळते. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथे लागू पडतो: पोकळीच्या भिंतीवरचा ताण आतला दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो, त्यामुळे त्याच दाबाखाली मोठ्या छिद्राच्या कडेवर अधिक ओढ बसते, छिद्र आणखी रुंदावते आणि रुंदावल्याने ओढ पुन्हा वाढते. ऑस्ट्रेलियातील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छिद्राच्या व्यासात एका मिलिमीटरची भर पडली की हर्नियाची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी वाढते असे आढळले. शिकाऊ शल्यचिकित्सकांना दोन बोटे जातील एवढे छिद्र ठेवायला सांगण्याची रीत आजही आहे. पण बोटांची जाडी माणसागणिक वेगळी असते आणि एकेका मिलिमीटरला एवढे महत्त्व असेल, तर हे माप किती सैल आहे हे वेगळे सांगायला नको.

छिद्र कुठे पाडावे, हाही प्रश्न जुना आहे. अर्नेस्ट माइल्स या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १९०८ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी जी शस्त्रक्रिया मांडली, तिच्यात गुदद्वार काढून टाकून कायमची कोलोस्टॉमी ठेवावी लागते, आणि या शस्त्रक्रियेने वाचलेल्या माणसांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसा हा हर्नियाही वैद्यकाच्या नजरेत भरू लागला. लीड्सच्या जॉन गोलिघर यांनी १९५८ मध्ये आतडे सरळ पोकळीतून बाहेर न आणता पोटाच्या आतल्या अस्तरामागून, म्हणजे पेरिटोनियमच्या बाहेरून, तिरके फिरवून आणण्याची पद्धत सुचवली. छिद्राशेजारी पोकळीला थेट वाट राहू नये हा त्यामागचा विचार, आणि पुढच्या काळातील तुलनांत या पद्धतीने हर्निया कमी आढळल्याचे बहुतेक संकलने सांगतात. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्यासारखा जो रेक्टस स्नायू असतो, त्यातून स्टोमा काढावा की त्याच्या बाजूने, याविषयी १९८८ च्या एका स्वीडिश अभ्यासात स्नायूमधून काढलेल्या स्टोमांत २.८ टक्के आणि बाजूने काढलेल्यांत २१.६ टक्के हर्निया आढळला होता. ही तफावत इतकी ठळक होती की स्नायूतूनच स्टोमा काढण्याचा परिपाठ जगभर रुळला. मात्र वैद्यकीय पुरावे संकलित करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या नंतरच्या आढाव्यात सर्व पुरावा एकत्र पाहता असा फरक सिद्ध झाला नाही. परिपाठ तसाच राहिला, आणि तो राहण्यात गैरही काही नाही, कारण स्टोमा सपाट, नजरेच्या टप्प्यात आणि पिशवी नीट बसेल अशा जागी येण्यासाठी तीच जागा सोयीची असते.

स्टोमाचा प्रकारही हिशेबात धरावा लागतो. एकाच टोकाच्या, कायमच्या कोलोस्टॉमीला सर्वाधिक धोका असतो. इलिओस्टॉमीला त्याहून कमी, आणि आतड्याचे वेटोळे बाहेर आणून काही महिन्यांसाठी केलेल्या तात्पुरत्या इलिओस्टॉमीला सर्वांत कमी, तोही मुख्यतः ती लवकर बंद केली जाते म्हणून. इथे भारतातील एक वस्तुस्थिती लक्षात ठेवण्याजोगी आहे. तात्पुरता म्हणून काढलेला स्टोमा पैशाअभावी, कामाच्या हंगामामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा पुढची तारीख न मिळाल्यामुळे कितीतरी अधिक काळ राहून जातो, आणि मग पुस्तकातली तात्पुरत्या स्टोमाची आश्वासक आकडेवारी त्या रुग्णाला लागू राहत नाही. बंद करायच्या शस्त्रक्रियेची तारीख पाळली जाणे हादेखील हर्निया टाळण्याचाच एक उपाय आहे, पण त्याची नोंद जोखमीच्या तक्त्यांत क्वचितच सापडते.

नियोजित शस्त्रक्रियेत स्टोमाची जागा आदल्या दिवशी शाईने आखली जाते. रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून, वाकायला लावून पोटाच्या वळ्या, जुने व्रण, कमरेची हाडे आणि नेसण्याची रेषा पाहिली जाते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत कपड्यांपैकी बहुधा कमरेचा पट्टा एवढाच अडथळा सांगितलेला असतो. महाराष्ट्रात काम करणारी परिचारिका मात्र परकराची नाडी कुठे घट्ट बसते, नऊवारीचा ओचा कुठे येतो, धोतर किंवा पायजमा कुठे बांधला जातो, जमिनीवर मांडी घातली की पोटाची वळी कुठे पडते, हे सारे विचारते. नाडी स्टोमाच्या अगदी वर आवळली जात असेल तर प्लेट उचकटते, गळती होते आणि आधारासाठीचा पट्टाही नीट बसत नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत यातले काहीच होत नाही. मध्यरात्री आतडे फुटलेल्या अवस्थेत आणलेल्या रुग्णाचे पोट फुगलेले असते, आतडे सुजलेले असल्यामुळे छिद्र मोठे पाडावे लागते, पोटात पू आणि मळ पसरलेला असल्यामुळे जखम पिकण्याची शक्यता अधिक असते, आणि बराच काळ आजारी असलेल्या माणसाच्या अंगात जखम भरून काढणारी प्रथिनेच उरलेली नसतात. पुढे सूज उतरते, आतडे बारीक होते, पण छिद्र तेवढेच राहते. जिथे विषमज्वर आणि आतड्याचा क्षय अजूनही शल्यचिकित्सकाच्या टेबलापर्यंत रुग्ण आणतात, तिथे जोखमीचा हा घटक स्वच्छ पाणी आणि वेळेवर निदान यांच्याशी जाऊन भिडतो.

रुग्णाच्या देहातील घटकांपैकी सर्वांत ठाम पुरावा कमरेच्या घेराचा आहे. बेल्जियममधील एका गटाने २००८ मध्ये कायमच्या कोलोस्टॉमीच्या रुग्णांत कमरेचा घेर हा स्वतंत्र धोका असल्याचे दाखवले, आणि घेर १०० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास हर्नियाची शक्यता ७५ टक्क्यांपर्यंत पोचते असा त्यांचा निष्कर्ष होता. वजनापेक्षा घेर महत्त्वाचा, कारण पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी पोकळीतला दाब कायम चढता ठेवते आणि भिंतीला बाहेर ढकलते. या निष्कर्षाचा अर्थ भारतीय वाचकाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून अधिक स्पष्ट होतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारीशेजारी छापली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंची आणि वजन यांच्यावरून काढला जाणारा निर्देशांक, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के होती. तो लेख मधुमेहाच्या संदर्भात लिहिलेला होता, तरी स्टोमा-विभागात त्याची आठवण पदोपदी व्हावी असा तो आहे. काटकुळे हातपाय, वजनकाट्यावर साधारण आकडा आणि तरीही सुटलेले पोट असा देह इथे सर्रास दिसतो, आणि निव्वळ वजन पाहून ‘तुम्ही काही लठ्ठ नाही’ असा निर्वाळा देणे अशा रुग्णाच्या बाबतीत फसवे ठरते. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा मानली जाते. ती मोजायला शिंप्याची टेप पुरते, पण शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या कागदावर तिच्यासाठी जागा क्वचितच ठेवलेली असते.

वय हा घटक बदलता येत नाही. वरच्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षाला हर्नियाची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. स्नायू आणि तंतू सैल पडत जातात हे त्याचे कारण. काही अभ्यासांत स्त्रियांत प्रमाण अधिक आढळते, काहींत नाही. एकामागून एक झालेली बाळंतपणे आणि सिझेरियनचे व्रण पोटाच्या भिंतीला सैल करतात, एवढे मात्र अशा रुग्णांची पोटे रोज तपासणाऱ्यांना जाणवत असते. ज्यांना आधी जांघेतला किंवा जुन्या टाक्यांतला हर्निया झालेला आहे, त्यांच्यात कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाची घडणच कमकुवत असू शकते. अशा रुग्णाने आपल्या जुन्या शस्त्रक्रिया न विसरता सांगाव्यात. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे, आटोक्यात नसलेला मधुमेह, कुपोषण, यकृताच्या विकाराने पोटात साठलेले पाणी, मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे पोटातून करावे लागणारे डायलिसिस, या साऱ्यांचा परिणाम एक तर जखम भरण्यावर होतो किंवा आतल्या दाबावर.

खोकल्याविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण बाह्यरुग्ण विभागाच्या घाईत त्याच्याकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील एका गटाने २००५ मध्ये २० निरोगी तरुण स्त्रीपुरुषांच्या पोटातील दाब मूत्राशयावाटे मोजला, तेव्हा उभ्याने खोकताना तो सरासरी सुमारे १०८ मिलिमीटर पारा एवढा चढला, तर साडेचार किलोंच्या आसपासचे वजन उचलताना तो सुमारे २५ मिलिमीटर होता. खोकल्याचा एक झटका हलके ओझे उचलण्याच्या चौपट दाब देतो, आणि ओझे माणूस दिवसातून मोजक्या वेळा उचलतो, पण जुनाट खोकल्याचा रुग्ण रात्रभर खोकत असतो. बिडी-सिगारेटने फुप्फुसे गेलेले पुरुष, आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रिया, दम्याचा पंप परवडत नाही म्हणून अर्धाच वापरणारे, क्षयाचा औषधोपचार पूर्ण करूनही खोकला न सुटलेले, असे सगळे स्टोमा-विभागाच्या वाऱ्या करीत असतात आणि ‘जरासा खोकला आहे’ एवढेच सांगतात. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ असे विचारले तर तिचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच असते. तंबाखूचा त्रास खोकल्यापुरता नाही. धुरावाटे शरीरात जाणारे निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करून टाक्यांच्या जागी रक्त आणि प्राणवायू कमी पोचवते आणि नव्या कोलॅजनची वीण कच्ची ठेवते. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखूची गोळी तोंडात ठेवणाऱ्या माणसांच्या रक्तातही निकोटीन पोचतच असते, म्हणून त्यांच्याकडे केवळ तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने पाहून भागत नाही.

खोकल्यासारखीच दुसरी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे कुंथणे. गुदद्वार काढून टाकलेल्या माणसाला कुंथावे लागत नाही अशी समजूत असते, पण कोलोस्टॉमीतही मळ कोरडा आणि कडक झाला की माणूस नकळत पोटावर जोर देतो. पिशवी लवकर भरेल, वास येईल, बसमध्ये अडचण होईल या भीतीने अनेक जण पाणी आणि भाजी कमी करतात, वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढते, आणि मग जोर द्यावाच लागतो. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवीसाठी जोर लावणारे वयस्क पुरुषही याच गटातले. या दोन्ही गोष्टींवर साधे, स्वस्त उपचार आहेत. त्या विचारल्या गेल्या तरच.

आता ओझ्याकडे वळता येईल. नातेवाईकांच्या दृष्टीने हेच एकमेव कारण असते, डिस्चार्जच्या कागदावरही ‘जड वस्तू उचलू नये’ ही ओळ हमखास असते, आणि तरीही जोखमीच्या सर्व घटकांत या घटकाचा पुरावा बराच दुबळा आहे. पहिले सहा ते बारा आठवडे, फॅसियाला बळ येईपर्यंत, जड उचलणे टाळावे याविषयी मतभेद नाहीत. त्यानंतरच्या आयुष्यासाठी मात्र ही ओळ अपुरी आहे आणि कित्येकदा अन्यायाची आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासह त्याचे वजन सुमारे ३० किलो भरते. भरलेला हंडा १५ किलोंच्या घरात जातो. ऊसतोडीची मोळी, बाजार समितीतले पोते, बांधकामावरची पाटी ही ज्यांची रोजी आहे, त्यांना ‘उचलू नका’ म्हणणे म्हणजे जगू नका म्हणण्यासारखे होते. अशी माणसे मान डोलावतात आणि घरी जाऊन उचलतात, आणि फुगवटा आला की तो लपवतात, कारण आता डॉक्टर रागावतील. ज्यांना न उचलणे परवडते, ते दुसऱ्या टोकाला जातात: चालणे बंद, वाकणे बंद, सहा महिने खाट आणि खुर्ची. त्यांचे पोटाचे स्नायू सुकतात, कमरेचा घेर वाढतो, आणि ज्या घटकाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, नेमका तोच भीतीपोटी वाढीला लागतो. या कामात मुरलेल्या परिचारिका म्हणूनच बंदी घालण्याऐवजी रीत शिकवतात. खाटेवरून उठताना सरळ उठून न बसता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे, खोकला किंवा शिंक येताना तळहाताने किंवा उशीने स्टोमाची बाजू दाबून धरावी, हंडा भरून एकदाच आणण्याऐवजी कळशीने दोनदा आणावे, वजन अंगाजवळ धरून गुडघ्यांतून उचलावे आणि उचलताना श्वास कोंडू नये, सिलिंडर ओढण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. त्यासोबत पोट हलकेच आत ओढून धरण्याचे, पाठीवर पडून गुडघे दोन्ही बाजूंना झुकवण्याचे सौम्य व्यायाम शस्त्रक्रियेनंतर लवकरच सुरू करता येतात आणि हळूहळू वाढवता येतात.

ही रीत निव्वळ अनुभवातून आलेली आहे असेही नाही. ब्रिटनमधील थॉम्प्सन आणि ट्रेनर या दोन स्टोमा-परिचारिकांनी २००५ मध्ये, पोटाचे व्यायाम, आधाराचा कपडा किंवा पट्टा आणि उचलण्याविषयीचे शिक्षण असा एकत्रित कार्यक्रम घेतलेल्या रुग्णांची तुलना त्याआधीच्या रुग्णांशी केली आणि पहिल्या वर्षातील हर्नियाचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे नोंदवले. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ती चाचणी नव्हती, त्यामुळे तिच्यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. तरी रुग्णाजवळ रोज असणाऱ्या व्यक्तींनी आपल्या कामाचे असे मोजमाप करावे, ही गोष्ट मोलाची आहे. स्टोमा-परिचर्येचा उगमच मुळी अशा अनुभवातून झालेला आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या स्त्रीला इतर रुग्णांच्या मदतीसाठी नेमले आणि त्यातून एंटेरोस्टोमल थेरपी ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात या शाखेचे प्रशिक्षण दिले जाते, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांना आधार देणारी संस्थाही मुंबईतच आहे. तरी जिल्ह्याच्या गावी परतलेल्या रुग्णाला असे प्रशिक्षित माणूस क्वचितच भेटते. तिथे त्याला पिशवी विकणारा दुकानदार सल्ला देतो, औषधाच्या दुकानातला बाळंतपणानंतरचा तयार पट्टा गळ्यात मारतो, आणि तो पट्टा स्टोमावर आवळला गेल्याने मळाचा मार्ग अडतो किंवा प्लेटखालून गळती होते. आधाराचा पट्टा मापाने घ्यावा लागतो, आडवे पडून फुगवटा बसलेला असताना बांधावा लागतो, आणि पिशवी भरायला जागा राहील असा असावा लागतो.

छिद्र पाडतानाच त्याच्याभोवती कृत्रिम धाग्यांची जाळी बसवून हर्निया टाळता येईल का, हा गेल्या दोन दशकांतला कळीचा प्रश्न आहे. स्वीडनमध्ये येनेस आणि इस्राएलसन यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीत जाळीचा लाभ इतका स्पष्ट दिसला की अनेकांनी ती स्वीकारली, आणि युरोपियन सोसायटीनेही नियोजित कायमच्या कोलोस्टॉमीत तिची शिफारस केली. त्याच देशात पुढे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टोमामेश’ या मोठ्या चाचणीत मात्र एका वर्षाअखेर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. जाळी कोणती, कोणत्या थरात, कोणाच्या हातून आणि कोणत्या रुग्णात, यावर उत्तर अवलंबून असावे असे दिसते. ज्या रुग्णाला पिशव्यांचाच महिन्याचा खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी जाळीचा निर्णय घेताना घेर, खोकला आणि तंबाखू यांची चौकशी आधी व्हावी, हे वैद्यकाच्या आणि न्यायाच्याही दृष्टीने योग्य ठरेल.

हर्निया झाल्यावरही जोखमीचे हेच घटक रुग्णाची पाठ सोडत नाहीत. छिद्राला नुसते टाके घालून केलेली दुरुस्ती निम्म्याहून अधिक वेळा पुन्हा उसवते. स्टोमा दुसऱ्या बाजूला हलवला तर तिथे नवे छिद्र आणि नवा धोका तयार होतो, आणि जुनी जागाही कमकुवत राहतेच. पॉल शुगरबेकर यांनी १९८५ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत आतड्याला बाजूने वळवून त्यावर अखंड जाळी पसरली जाते, आणि मधोमध भोक पाडलेल्या जाळीपेक्षा तिचे निकाल सरस मानले जातात. तरीही घेर कमी झालेला नाही, बिडी सुटलेली नाही, खोकल्यावर उपचार नाही अशा स्थितीत घाईने केलेली दुरुस्ती टिकण्याची आशा थोडी असते, म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक निकड नसेल तेव्हा आधी काही महिने तंबाखू सोडायला, चालायला आणि मधुमेह आटोक्यात आणायला सांगतात. पुष्कळ रुग्णांचा फुगवटा लहान असतो, दुखत नाही आणि पट्ट्यावर निभावतो. त्यांच्या बाबतीत प्लेटला पाडायच्या भोकाचे माप बदललेल्या स्टोमाप्रमाणे पुन्हा घ्यावे लागते, कारण पसरट झालेल्या स्टोमावर जुन्या मापाची प्लेट बसवत राहिल्याने कातडी सोलवटते आणि रुग्ण त्या आगीलाच हर्नियाचे दुखणे समजतो.

तपासणी करताना रुग्णाला नेहमी उभे करावे, पिशवी काढून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि खोकायला सांगावे. खाटेवर झोपवून तपासलेल्या पोटात लहान हर्निया सापडत नाही आणि तक्रार खोटी ठरते. शंका राहिल्यास सीटी स्कॅनमध्ये हाताला न लागलेला हर्नियाही दिसू शकतो. ही तपासणी पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक भेटीत व्हावी, कारण बहुतेक हर्निया याच काळात प्रकट होतात, आणि त्यानंतरही वर्षातून एकदा व्हावी. रुग्णाच्या आणि घरच्यांच्या कानावर घालायची गोष्ट एकच, पण ती पहिल्याच भेटीत आणि मराठीत लिहून द्यावी: फुगवटा अचानक कडक होऊन आत बसेनासा झाला, पोटात पीळ पडून उलट्या सुरू झाल्या, पिशवीत वायू किंवा मळ येणे थांबले, किंवा नेहमी लालसर दिसणारा स्टोमा जांभळा अथवा काळा पडू लागला, तर सरकलेले आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी सकाळची वाट न पाहता, पट्टा सैल करून, काहीही न खातापिता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात त्याच घटकेला पोचावे.